करकोच्याच्या रंगाचा वळू

जनावरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाही, म्हणून त्याच्या वाटचं सगळं मालक बोलतो. मालकासोबत आलेला शेजारी बोलतो. शेजाऱ्याला वेळ होता म्हणून सहज आलेला त्याचा साळा तर सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो. आमच्या कपाटात एखादे वेळी एखादी बाटली कमी पडली असेल, पण किस्से कधी कमी पडले नाहीत.

आता अडचण अशी आहे, की मागच्या वर्षभरात जे चांगले किस्से झाले त्यांचा हिरो मी नाही. हिरो विनय आहे. आणि मी विनयवर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे नंतर तोंड लपवावं लागणार नाही. खालचे सगळे किस्से खरे आहेत. कुठे विनयचं कौतुक कमी पडलंय असं वाटलं, तर ते मी मुद्दाम कमी केलंय असं समजा!

मी दिलीप, पशुधन पर्यवेक्षक. तळेगावच्या जवळच एका गावात आमचा दवाखाना आहे. आम्ही माणसं चार. साताऱ्याकडून आलेल्या डॉक्टर मॅडम, मी, अल्लीपूरकडून बदलून आलेला विनय, आणि परिचर गुलाबभाऊ. गुलाबभाऊंचं काम जनावर धरणं आणि चहा आणणं. दोन्ही कामं ते सारख्याच जोरात करतात.

*

विनय यायच्या आधी माझ्याकडे दोन इस्टेटी होत्या.

पहिली म्हणजे इंग्रजी. जनावराचा दाखला इंग्रजीत भरावा लागतो, आणि त्यात एक रकाना असतो रंगाचा. तो रकाना अकरा वर्षं माझा होता. माझ्याजवळ चार शब्द होते: व्हाइट, ब्लॅक, रेड आणि ग्रे. या चार शब्दांत मी पूर्ण तालुक्यातली गुरंढोरं बसवली होती!

एकदा एक आजोबा गाय घेऊन आले. रंग विचारला तर म्हणाले, "पांढरी नाई साहेब. साय धरलेल्या दुधावानी हाय. अन् मानेपाशी थोडीशी धुक्यावानी."

मी लिहिलं.

"वाचून दाखवा बरं."

"व्हाइट," मी म्हटलं.

आजोबांनी गाईकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. "एवढ्यातच झालं?"

दुसरी इस्टेट म्हणजे माइक. हिवाळ्यात तळेगावच्या बाजाराच्या मैदानावर जनावरांचं प्रदर्शन भरतं. आमच्या भागातली गवळाऊ जातीची गाई-बैलं सजून येतात, एकेक जनावर मैदानात फिरतं, आणि मंचावरून एक माणूस माइकवर त्याचं वर्णन करतो. अकरा वर्षं तो माणूस मी होतो. माझी बायको पहिल्या रांगेत बसायची. सिंदी मेघेहून माझ्या दोन्ही साळ्या त्या दिवशी मुद्दाम यायच्या. बाकी वर्षभर घरात माझं कोणी ऐकत नाही, पण त्या दिवशी अख्खा बाजार ऐकायचा. त्या एका दिवसाच्या भरवशावर मी उरलेलं वर्ष काढायचो.

*

विनय आला त्याच आठवड्यात बकारामबाबा आपला वळू घेऊन आले. वळूचं नाव सुभान्या. बकारामबाबांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गवळाऊ आहेत, आणि सुभान्या म्हणजे त्यांचा जीव. मी नेहमीप्रमाणे पेन काढलं आणि 'ग्रे' लिहायला घेतलं. इंग्रजी माझी इस्टेट ना!

"एक मिनिट थांबा ना, दिलीपभाऊ," विनय म्हणाला.

त्याने सुभान्याच्या खांद्यावरचा एक केस उपटला. एक! तो पांढऱ्या कागदावर ठेवला आणि उजेडात नेऊन पाहिला. मग पाठीवरून एक केस घेतला. मग पायाचा. सुभान्या शांत उभा होता, बकारामबाबा मात्र प्रत्येक केसाला दचकत होते. शेवटी विनयने माझ्या हातातून फॉर्म घेतला आणि रंगाच्या रकान्यात एक शब्द लिहिला.

ग्रूयो.

तो लिहितात वेगळा, म्हणतात वेगळा. मला एवढंच दिसलं, की हा शब्द माझ्या चारांतला नाही. विनय हात धुवायला गेला आणि मी तो शब्द दोन रेघा मारून खोडला. वर 'ग्रे' लिहिलं. शाळेत मास्तर करायचे तसं बाजूला सहीसुद्धा केली.

दुपारी मॅडमनी बोलावलं. फॉर्म त्यांच्या हातात होता आणि टेबलावर मोबाइल. त्यांनी मोठ्या डिक्शनरीत शब्द शोधला होता.

"दिलीपभाऊ, तुम्ही खोडलेला शब्द बरोबर आहे."

मी फॉर्म घ्यायला हात पुढे केला.

"आता खोडलेलं खोडा!"

*

चहाच्या वेळी विनयने सगळं समजावून सांगितलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. म्हणजे गुलाबभाऊंनी विचारलं होतं, पण मी नव्हतं विचारलं.

शब्द मूळचा स्पॅनिश. तिकडे करकोचा पक्ष्याला जे म्हणतात, त्यावरून झालेला. स्पेनच्या लोकांनी आपले घोडे अमेरिकेत नेले, घोड्यांसोबत त्यांच्या रंगांची नावं गेली, आणि तिथल्या गुराख्यांनी ती इंग्रजीत उचलली. करकोच्याच्या पाठीसारखा निळसर राखाडी, तो ग्रूयो.

"मंग ग्रे काऊन नाई म्हणाचं?" मी विचारलं.

"ग्रे घोडा दुरून राखाडी दिसते भाऊ, पण त्याचा एकेक केस पाह्यला तं कोणता काळा, कोणता पांढरा. मिसळ असते. ग्रूयोचा एकेक केसच राखाडी. मिसळ नाई. डोकं जरा काळसर, पाठीवरून एक काळी रेघ."

गुलाबभाऊंचं तोंड उघडं राहिलं होतं. "म्हंजे सुभान्या आतून बाहेरून एकाच रंगाचा!"

"बरोबर."

"असा माणूस नाई भेटत आजकाल!" गुलाबभाऊ म्हणाले आणि त्यांनी चहा वाटायला घेतला.

आता ऐका. अकरा वर्षं गुलाबभाऊ पहिला कप मॅडमना देतात आणि दुसरा मला. त्या दिवशी दुसरा कप विनयसमोर गेला. मी तिसरा कप घेतला. त्यात साखर कमी होती.

*

मीही गप्प बसणारा नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या मोबाइलवर मी शोधायला बसलो. विनयकडे एक स्पॅनिश शब्द असेल तर माझ्याकडे दोन पाहिजेत. तीन दुपारी घालवल्या आणि एक सापडला: आप्लोमाडो. म्हणजे शिशाच्या रंगाचा. इंग्रजीत तो जवळजवळ एकाच ठिकाणी वापरतात, एका ससाण्याच्या नावात. पण ससाणा काही दवाखान्यात येत नाही. मी वाट पाहत बसलो.

चौथ्या दिवशी शेवंताबाईची म्हैस आली. शेवंताबाई वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावते आणि बाजारात स्वतः विकते, त्यामुळे तिच्याशी बोलताना मॅडमही जरा जपून बोलतात. म्हैस काळी होती. पण उन्हात उभी होती आणि अंगावर धूळ होती, म्हणून मला ती शिशाच्या रंगाची वाटली. वाटायचंच होतं! मी उत्साहात मोठ्या अक्षरांत 'आप्लोमाडो' लिहिलं. अक्षरं इतकी मोठी झाली, की रंगाच्या रकान्यातून निघून शेजारच्या जातीच्या रकान्यात जाऊन बसली.

फॉर्म वर गेला. आठ दिवसांनी दवाखान्यासमोर जीप थांबली. एक साहेब उतरले, सोबत कॅमेरावाला.

"या भागात आप्लोमाडो जातीची विदेशी म्हैस आहे म्हणे?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी गुलाबभाऊंकडे पाहिलं. गुलाबभाऊंच्या मागे फक्त भिंत होती.

सगळे शेवंताबाईकडे गेलो. साहेबांनी म्हशीभोवती दोन चकरा मारल्या, शिंगं पाहिली, कास पाहिली. मग अदबीने विचारलं, "बाई, ही कुठून आणली?"

शेवंताबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "अल्लीपूरच्या पाव्हण्याकडून!"

परतताना जीपमध्ये विनय माझ्या बाजूला बसला होता. हसला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "शब्द चांगला होता, दिलीपभाऊ." तेव्हा मला जास्त राग आला.

*

इकडे सुभान्याच्या दाखल्याची बातमी गावोगाव पोचली. लोक दाखला मागायला यायचे ते शब्द मागायलाच.

"मले बी तो करकोचावाला लिहून द्या."

"तुमची गाय तांबडी हाय ना काका," मी म्हटलं.

"मंग काय झालं? लिहासाठी पैसे लागते का?"

विनय कोणाला फुकट शब्द द्यायचा नाही. केस उपटायचा, कागदावर ठेवायचा, उजेडात पाहायचा. मिसळ निघाली की सरळ 'ग्रे'. लोक नाराज होऊन जायचे. एक जण तर म्हणाला, "आमच्या पोरीच्या सोयरिकीत एवढं पाह्यलं नवतं पाव्हण्यानं!"

शेवंताबाईची एक कालवड होती, राखाडी. विनयने तिलाही 'ग्रे' दिलं. बाई चिडली. "माह्या कालवडीत काय कमी हाय रे बाबू?"

विनय घरी गेल्यावर ती माझ्याकडे आली. आणि मी, दिलीप, पशुधन पर्यवेक्षक, केस न उपटता तिला 'ग्रूयो' लिहून दिलं. तिने मला कोवळ्या वांग्यांची पिशवी दिली. त्या वांग्यांपेक्षा, विनयने नाही म्हटलेलं मी हो म्हटलं याची चव जास्त होती.

मग मला सवयच लागली. ज्याला विनय नाही म्हणायचा त्याला मी हो म्हणायचो. दोन आठवड्यांत माझ्या सहीने पंधरावीस गाई, चार गोऱ्हे आणि एक बकरी ग्रूयो झाली.

एका सकाळी विनय रजिस्टर चाळत होता. चाळता चाळता थांबला. एक पान, दुसरं पान, तिसरं पान.

"दिलीपभाऊ," तो म्हणाला, "यंदा करकोचे तुमच्याचकडे उतरले जी!"

*

घरी तरी शांतता असावी की नाही? एके दिवशी बायको म्हणाली, "त्या विनयभाऊले जेवाले बोलवा ना. एकटा रायते म्हणे. हॉटेलात खाते बिचारा."

"तुले कोणं सांगतलं?"

"गुलाबभाऊच्या बायकोनं. लय हुशार हाय म्हणे तो. रंगाचं त्याले लय समजते."

रविवारी विनय जेवायला आला. बायकोने बेसनाच्या पाटोड्यांचा रस्सा केला होता. मी मागितल्यावर जो वर्षातून दोनदा होतो, तो! तिने नवी राखाडी साडीही नेसली होती. पाटोड्या वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, तो तुमचा शब्द माह्या साडीले चालन का?"

मी घास थांबवला. मला वाटलं, आता हा काहीतरी गोड बोलणार आणि माझ्या घरातली माझी जागाही जाणार.

विनयने साडीकडे नीट पाहिलं. केस उपटण्याइतक्या गंभीरपणे पाहिलं. मग म्हणाला, "नाई वैनी. तो शब्द इंग्रजीत फक्त घोड्याले लावते."

माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत मी इतकं सुंदर वाक्य ऐकलं नव्हतं!

बायकोने पातेलं उचललं आणि झाकण ठेवून आत नेलं. विनयच्या ताटात दोनच पाटोड्या पडल्या होत्या. उरलेल्या मी संध्याकाळी खाल्ल्या.

पण पोट भरल्यावर डोकं चालायला लागलं. फक्त घोड्याला? मग बैलाला का? सोमवारी मी मॅडमसमोर तक्रार मांडली. शब्द घोड्याचा आहे, दाखला वळूचा आहे, हा सरळसरळ चुकीचा वापर आहे. विनयला बोलावण्यात आलं.

"मले माहीत होतं, मॅडम," विनय म्हणाला. "इंग्रजीत गाईबैलासाठी हा शब्द कोणी वापरत नाई. पण एकेक केस राखाडी हाय, हे एका शब्दात सांगणारा मले दुसरा नाई भेटला. तुमी म्हणत असान तं काढून टाकतो."

मॅडम जरा विचार करून म्हणाल्या, "ग्रे लिहा आणि पुढे लिहा, ग्रूयोसारखा."

म्हणजे दोघांचेही शब्द राहिले. मी जिंकलो असं मी गुलाबभाऊंना सांगितलं. गुलाबभाऊ म्हणाले, "मंग तुमचा पह्यला आला ना जी!" आणि दुसरा कप विनयला दिला.

*

आता खरी गोष्ट. यंदाच्या प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी कमिटीची माणसं दवाखान्यात आली, सोबत बकारामबाबा. मी खुर्च्या पुसल्या. दर वर्षी ते मला सांगायला येतात.

"यंदा माइक विनयभाऊले द्यावा म्हून राह्यलो," बकारामबाबा म्हणाले. "त्याच्या तोंडून सुभान्याचा रंग अख्ख्या मैदानानं आयकला पाह्यजे."

मी म्हटलं, "चांगलंच हाय." तोंडाने म्हटलं. आत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. माझ्या साळ्यांना फोन करून यंदा येऊ नका सांगावं असं वाटलं, पण त्या विचारतील का, म्हणून तेही केलं नाही. कमिटीने मला काम दिलं ते यादी धरायचं. विनयच्या मागे उभं राहून मालकाच्या नावाची चिठ्ठी पुढे द्यायची.

प्रदर्शनाच्या सकाळी मी मैदानावर पोचलो तर विनय मंचाच्या मागे उभा. चेहरा उतरलेला. कमिटीने यंदा नवीन शक्कल काढली होती. जनावरांच्या शिंगांना रिबिनी बांधल्या होत्या. दोन ते चार दाताचं जनावर असेल तर हिरवी, सगळे दात जुळलेलं असेल तर लाल. माइकवाल्याने रिबीन पाहून सांगायचं कोणता गट, आणि त्याप्रमाणे मालकाने जनावर डावीकडे किंवा उजवीकडे न्यायचं.

"दिलीपभाऊ," विनय म्हणाला, "आज माइक तुमीच घ्या ना."

मला वाटलं, हा माझ्यावर दया करतोय. पाटोड्यांचा रस्सा खाऊन गेलेला माणूस मला माझाच माइक दान देतोय!

"मले कोणाचं दान नाई लागत," मी म्हटलं. "तुले देल्लाय, तूच बोल."

तो काही बोलायला गेला, पण मी यादी उचलली आणि मंचावर चढलो. खाली पहिल्या रांगेत बायको, तिच्या दोन्ही बहिणी, त्यांच्या बाजूला शेवंताबाई. मंचावर मॅडम आणि पाहुणे.

पहिली गाय मैदानात आली. विनयने मालकाचं नाव घेतलं, गाव सांगितलं. मग थांबला. हाताने माइक झाकला आणि मागे वळला.

"दिलीपभाऊ, रिबीन लाल का हिरवी?"

"तुले दिसून नाई राह्यली?"

"दिसते. पण दोन्ही मले एकसारख्याच दिसते. लहानपणापासून."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. लाल आणि हिरवं! म्हणून तांबडी गाय आली, की हा फॉर्म माझ्याकडे सरकवायचा, आणि मी कामचुकार म्हणून त्याला मनात शिव्या घालायचो. म्हणून एकेक केस पांढऱ्या कागदावर. बाकीचे रंग हातातून निसटत होते, म्हणून याने राखाडी तेवढा घट्ट धरला होता.

"लवकर सांगा ना भाऊ, लोकं पाहून राह्यले."

"लाल," मी म्हटलं. रिबीन लालच होती.

"लाल गट!" विनय माइकवर म्हणाला. "पूर्ण जुळलेली गाय. उजवीकडे घ्या!"

मग सुरू झालं. जनावर यायचं, मी त्याच्या कानापाशी वाकून 'हिरवी' म्हणायचो, तो 'हिरवी' म्हणायचा. मी 'लाल', तो 'लाल'. गाईचा रंगही मीच पुरवायचो. मी म्हणायचो 'तांबडी', आणि तो म्हणायचा, "पळसाच्या फुलावानी तांबडी!" लोक टाळ्या वाजवायचे. पळस माझ्या डोक्यात आला नव्हता, हे खरं आहे. पण पळस कसा दिसतो हे मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं! माझ्या साळ्या टाळ्या वाजवत होत्या. अकरा वर्षांत माझ्यासाठी त्यांनी एवढ्या टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही.

मग सुभान्या आला. त्याची रिबीन विनयने विचारलीसुद्धा नाही. सुभान्याचं सगळं त्याला पाठ होतं. आवाज जरा खाली आणून त्याने सांगायला सुरुवात केली. दूर देशातले घोडे, तिथला करकोचा, एकेक केस वेगळा काढून पाहिला तरी तोच रंग. बकारामबाबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. माझी बायको उभी राहिली. उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मग अख्खी पहिली रांग उभी राहिली. मॅडमसुद्धा!

मी मागे यादी धरून उभा होतो.

पुढचं नाव शेवंताबाईच्या कालवडीचं होतं. कालवड मैदानात आली. लाजरी, दोन दातांची, शिंगाला हिरवीगार रिबीन. विनयने माइक झाकला, अर्धवट मागे वळला. टाळ्यांमुळे तो अजून हसत होता.

"दिलीपभाऊ, ही?"

माझ्या तोंडून 'लाल' निघालं. निघालं म्हणजे मी काढलं.

"लाल गट!" विनय म्हणाला. "पूर्ण जुळलेली गाय. उजवीकडे घ्या!"

मग शेवंताबाई खुर्चीवरून उठली. "अरे डोळे फुटले का रे बाबू? हिरवी हाय ना! माही दोन दाताची पोर, तिले त्या बुढ्यायमधी काऊन नेऊन राह्यला?"

मैदान हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "रंगाचं लय समजते म्हणे!" आणि ते अजून हसले.

विनय वळला. त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादी चिठ्ठी वाचायला लागतो तेवढा वेळ. मला वाटलं, आता हा माइकवर माझं नाव घेणार. माझी तयारीही झाली होती. मी म्हणणार होतो, याला दिसतच नाही, मी काय करू?

तो माइककडे वळला. "चूक माही हाय, बाई. हिरवी रिबीन, दोन दाताची कालवड. डावीकडे घ्या. मले माफ करा."

पुढची गाय आली. त्याने माइक झाकला आणि मला विचारलं, "दिलीपभाऊ, ही?"

मी सांगितलं. त्यानंतरच्या सगळ्यांचं बरोबर सांगितलं. इतकं हळू सांगितलं, की दोनदा 'हिरवी' मला रिपीट करावं लागलं.

संध्याकाळी विनयला शाल मिळाली. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षीही माइक विनयच. गुलाबभाऊ सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. विनयने आपल्या हातातला कप माझ्या हातात दिला आणि स्वतः तिसरा घेतला. मला तो पिता येईना.

साळ्या सिंदी मेघेच्या गाडीत बसल्या, आणि मी बायकोला मागे बसवून मोटरसायकल काढली. फाट्यापर्यंत ती विनयचंच बोलत होती. त्याचा आवाज, तो पळस, तो करकोचा.

"एवढ्या जनावरात एकच रंग चुकला त्याचा," ती म्हणाली. "अन् तो बी तुमच्यानं!"

माझा हात ब्रेकवर गेला. "माह्यानं?"

"मंग! सकाळपासून पाहून राह्यली मी. पूर्ण टाइम त्याच्या कानाशी लागून होते तुमी. जळाले बी काही लिमिट असते. माणूस गडबडन नाई तं काय होईन? बोलू तं द्याचं होतं बिचाऱ्याले!"